रतन टॉकीजमध्ये आई मरत नाही

बोदवडच्या रतन टॉकीजमध्ये सोळा वर्षांत पडद्यावर एकही आई मेली नाही. गोळी लागलेली वाचली, क्षय झालेली वाचली, पुरात वाहून गेलेलीचंही बरं झालं असावं असा लोकांचा समज राहिला. हे पुण्य मशीन चालवणाऱ्या आधारचं.

त्याचं असं होतं की टॉकीजचे निम्म्याहून जास्त प्रेक्षक वरणगाव-आचेगावकडून रेल्वेनं येत आणि त्यांची परतीची पॅसेंजर रात्री नऊ वाजून दहाला होती. खेळ पाटीवर सहाचा. पण मालक रतिलालशेठ बाकडी भरेपर्यंत सुरू करू देत नसत, त्यामुळे खरा साडेसहाचा. सतरा रिळांचा सिनेमा काही केल्या गाडीच्या आत बसत नव्हता. पहिल्या वर्षी व्हिलन मरायच्या ऐन वेळी लोक पळत सुटत आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर भांडायला येत. शेवटी शेठ आधारला म्हणाले, तीन रिळं सोडून दे, कोणती ते तू पाहा.

आधारनं ते काम देवपूजेसारखं अंगावर घेतलं. नवी पेटी आली की सकाळी तो एकटाच अख्खा सिनेमा बघे. गाणं काढलं तर लोक पडद्यावर चपला मारतील. मारामारी काढली तर बाकडी मोडतील. उरली कोर्टाची बडबड आणि आईचं मरण. शिवाय मरणाच्या रिळानंतर बायका इतक्या रडत की त्यांना उठवून गाडीपर्यंत हाकलणं अवघड जाई. म्हणून आई वाचली. शेवटच्या रिळात भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो दिसला की आधार भिंगापुढे तळहात धरी. खालून शिट्या पडत, पण बाई जिवंत राही. मग ती गेली कुठे, असं कोणी विचारलंच तर बोदवडचे जाणकार सांगत, भावाकडे गेली असेल.

आचेगावच्या भागाबाईअक्का दर शनिवारी दहा-बारा बायका घेऊन येत. दारातच आधारला विचारत, माय सुखरूप आहे ना? आधार मान हलवी आणि अक्का निर्धास्त आत जात. गावात आपल्याइतका अब्रूदार माणूस नाही असं आधारला वाटे, आणि ते फार चुकीचंही नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली रुपचंद नावाच्या उद्योगी माणसानं आचेगावात पत्र्याच्या शेडमध्ये रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणून ठेवला. पहिलाच सिनेमा त्यानं असा लावला की जो रतनमध्ये दोनदा होऊन गेला होता. व्हिडिओला गाडी पकडायची नव्हती. त्यात आई मेली, चांगली वीस मिनिटं मेली, आणि शेडमध्ये एकच आकांत झाला.

बातमी उशिरा कळली तरी सुतकाची अंघोळ चुकत नाही. आचेगावच्या बायकांनी त्या रात्री विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी भागाबाईअक्का टॉकीजच्या दारात उभ्या राहिल्या. मागे सगळ्या बायका.

"आधारभाऊ, त्या बाईले मरून बारा वर्सं झाली," अक्का म्हणाल्या. "मी तिच्यासाठी टिपूस काढलं नाही. अजून कितीक माया मेल्या, आमाले न सांगता?"

आधार उगाच बोटांवर मोजू लागला. खरं म्हणजे आकडा त्याला पाठ होता.

शनिवार ओस पडू लागला. एका कापूसवाल्यानं टॉकीजची जागा गोदामासाठी मागितली. शेठनं आधारला बोलावून सांगितलं, या शनिवारी अख्खा सिनेमा दाखव. लोक परतले तर टॉकीज राहील, नाहीतर कापूस. आधारनं गाडीचं काय म्हणून विचारलं. गाडीचं लोक बघतील, शेठ म्हणाले. सोळा वर्षं पोसलेली सवय लोक एका शनिवारात सोडतील असं फक्त शेठलाच वाटू शकतं.

गावोगाव रिक्षा फिरली: सतराच्या सतरा रिळं, आईच्या मरणासह. शनिवारी पाचलाच टॉकीज गच्च भरली. तरी शेठनं खेळ साडेसहालाच सुरू केला, कारण तशी रीत होती.

आधारनं एकही रीळ सोडलं नाही. चौदाव्या रिळात आई खाटेवर पडली, खोकू लागली, मुलाला हाका मारू लागली. बायकांनी पदर हातात घेतले. तेवढ्यात नऊ वाजले आणि सगळी टॉकीज उठली. कोणी कोणाला उठ म्हटलं नाही, पायच उठले, गाडी पकडायची नव्हती त्या बोदवडकरांचेही. शेवटी अक्का दारात घुटमळल्या आणि त्यांनी वर केबिनकडे पाहिलं.

"आधारभाऊ, माय मरते ना मंग?"

"मरते, अक्का. तुम्ही गाडी पकडा."

पंधराव्या रिळात आई रिकाम्या बाकड्यांपुढे मेली. शेवटी फोटो आला तेव्हा आधारचा हात सवयीनं भिंगाकडे गेला, आणि त्यानं तो मागे घेतला. त्याला रडू आलं; आईसाठी की बाकड्यांसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्या दोन दिवसांत लोक खिडकीवर येऊन भांडले, की अख्खा म्हणून अर्धाच दाखवला. सोमवारी शेठनं कापूसवाल्याला होकार दिला.

मंगळवारी रात्री आधार स्टेशनवर गेला. जिच्यासाठी त्यानं सोळा वर्षं रिळं सोडली, त्या पॅसेंजरमध्ये तो पहिल्यांदाच बसला. मरणाचा निरोप माणसानं स्वतः जाऊन सांगायचा असतो.

भागाबाईअक्का अंगणात दिव्याखाली डाळ पाखडत होत्या. त्यानं सांगितलं, आई गेली.

"कवा?"

"शनिवारी. नऊ वाजून पाच मिनिटांनी."

"जवळ कोन व्हतं?"

"मी होतो."

अक्कांनी सूप खाली ठेवलं. मग त्यांनी टॉकीजचं विचारलं.

"तीपन गेली, अक्का," आधार म्हणाला.

अक्का उठून विहिरीवर गेल्या आणि दोन बादल्या शेंदून आणल्या. एक त्यांनी आधारपुढे ठेवली.