भिंतीपलीकडची घूं

गाद्यांच्या त्या कारखान्यात दुपारी झोपायची परवानगी फक्त पाळणाघरातल्या मुलांना होती. बाकीचे दिवसभर जगाच्या झोपेची सोय करत आणि स्वतः जांभया दाबत. पिंजणाच्या शेडमधून निसटलेले कापसाचे तंतू ऑफिसच्या जिन्यापर्यंत यायचे, उन्हाच्या पट्ट्यात रेंगाळायचे आणि शेवटी कुणाच्या तरी टकलावर जाऊन बसायचे. जेवणानंतर तर सगळी इमारतच डोळे अर्धवट मिटून उभी आहे असं वाटे.

तळमजल्याच्या टोकाला पाळणाघर होतं आणि त्याच्या भिंतीला लागून सर्व्हरची खोली. हा शेजार कुणी ठरवून जुळवला नव्हता. दोन खोल्या उरल्या होत्या, एवढंच. सर्व्हर म्हणजे माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट. कारखान्याच्या ऑर्डरी, गोदामातला माल, लोकांचे पगार, सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर त्यात राहायचं. कपाटाचे पंखे कधी थांबत नसत. त्यांची घूं भिंतीतून झिरपे, फरशीतून छोट्या गाद्यांमध्ये चढे आणि मुलं पटापट आडवी होत. पाळणाघरातल्या मावशींना वाटे, हा आपलाच हातगुण. वाटू द्यावं, कुणाचं काय जातं?

या कपाटाची देखभाल करणाऱ्या बाईला ऑफिसात सगळे सर्व्हरबाई म्हणत आणि घरी नवरा भुंगा म्हणे. कारण तिला गुणगुणायची सवय होती. गाणं नव्हे हं, गाण्याचं आणि तिचं जन्माचं वाकडं. तोंड मिटून एकच सूर, भांडी घासताना, वेणी घालताना, भाजी निवडताना. "अगं भुंगा, बस की आता," नवरा म्हणे, आणि ही डोळे मोठे करून विचारे, "मी कुठे काय करतेय?"

त्यांची मुलगी लिंबू. खरं नाव वेगळं होतं, पण झोपेतून उठल्यावर ती जे तोंड करी ते पाहून बापाने हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. लिंबूला घरी झोपवायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. पाळणाघरात मात्र त्या भिंतीला पाठ टेकली की काम फत्ते. मावशींचा नियम सरळ होता. जे मूल दुपारी झोपत नाही ते बाकीच्यांना उठवतं, आणि उठवणाऱ्याला घरी ठेवायचं. पण घरी होतं कोण? नवऱ्याची नोकरी शहराबाहेर, दोन्ही आज्या लांब. लिंबू झोपली नाही तर सर्व्हरबाईला नोकरी सोडावी लागली असती, आणि नोकरी तिला मनापासून आवडायची. हे ती कुणाला सांगत नसे. तान्ह्या मुलीच्या आईने नोकरी आवडते म्हटलं की लोकांच्या भुवया उगाच कपाळात जातात.

एक दिवस साहेबांनी तिला बोलावलं.

"बसा बाई. चांगली बातमी आहे."

साहेबांची चांगली बातमी म्हणजे आपल्या डोक्याला ताप, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

"सॉफ्टवेअरवाल्यांनी कायमचं लायसन्स बंद केलंय," साहेब म्हणाले. "आता सबस्क्रिप्शन. सॉफ्टवेअर त्यांच्याकडे राहणार, आपण इथून वापरायचं. वर्ष संपलं की ते विचारणार, पुढे हवंय का? हवं असेल तर हो म्हणायचं, नाहीतर राम राम."

"आणि आपलं कपाट?"

"ते बंद. तुम्हीच सगळं तिकडे हलवा आणि तुम्हीच बंद करा. तुमच्याइतकं त्याला ओळखतं कोण?"

खरंच होतं ते. जुनं लायसन्स त्या एकाच यंत्राला बांधलेलं होतं. यंत्र बदललं की लायसन्स गेलंच. म्हणून इतकी वर्षं तिने त्या कपाटाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. लायसन्स यंत्राला बांधलेलं, यंत्र खोलीला आणि ती यंत्राला. लिंबू पोटात असतानाही, अगदी रजेवर जाईपर्यंत, ती त्याच खोलीत बसायची, पोटावर हात ठेवून, पंख्यांच्या सुरात सूर मिसळून.

"रिकामंच सुरू ठेवलं तर चालेल?" तिने विचारलं.

"रिकामं? का हो, वीज काय उतू चाललीय?"

मग तिने लाज गुंडाळून ठेवली. "माझी मुलगी त्या आवाजावर झोपते, साहेब."

साहेब हसले नाहीत. या माणसाबद्दल आम्हाला बरंच वाकडं बोलता येईल, पण तेव्हा ते हसले नाहीत, हे सांगायलाच हवं. चष्मा काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, "बाई, त्याच्या बॅटऱ्या फुगल्यात हे तुम्हीच मला सांगितलंत. सुटे भाग मिळत नाहीत, हेही तुम्हीच. आणि भिंतीपलीकडे मुलं आहेत. उद्या काही पेटलं तर?"

ती मान हलवून बाहेर आली.

मग तिने उपाय करून पाहिले. मोबाइलवर त्या घूंचं रेकॉर्डिंग केलं आणि सुट्टीच्या दिवशी लिंबूच्या उशाशी लावलं. लिंबूने मोबाइल चाटला, मग फेकला, मग भोकाड पसरलं. आवाज तोच होता, पण तो हवेतून येत होता. गादीतून, पाठीतून येत नव्हता. नवऱ्याने कपडे धुवायचं यंत्र सुरू करून लिंबूला त्याला टेकवून बसवलं, तर ती खिदळायला लागली आणि संध्याकाळपर्यंत खिदळतच राहिली.

"आता मीच हलतो भिंतीमागे उभा राहून," नवरा म्हणाला. ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं.

कारखान्याचा कपाटातला सगळा पसारा सॉफ्टवेअरवाल्यांकडे हलवायला बरेच दिवस लागले. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहायची आणि ती समोर बसून राहायची. एका दुपारी तिला बसल्या बसल्या डुलकी लागली. तिला दिसलं, की भिंत कापसाची झाली आहे, कपाट आतून हळूहळू पिंजलं जातंय आणि त्याचे पुंजके खिडकीतून उडत कुठल्या तरी लांबच्या, न पाहिलेल्या खोलीत चाललेत. लिंबू त्यांच्यामागून रांगत निघाली होती. सर्व्हरबाई दचकून जागी झाली. पट्टी पूर्ण भरली होती.

बंद करायची वेळ तिने मुद्दाम दुपारची घेतली. संध्याकाळी केलं असतं, तर मुलं घरी गेलेली असती आणि जे व्हायचं ते दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीमागे झालं असतं. ते तिला नको होतं. तिने कपाटाच्या गरम पत्र्यावर तळहात ठेवला. "बरीच वर्षं राबलास," ती त्याला म्हणाली आणि कळ दाबली.

पंखे एकदम थांबले नाहीत. सूर खाली खाली उतरत गेला, अगदी जमिनीला टेकला आणि विझला. इमारतीतल्या माणसांनी माना वर केल्या. काय हरवलं ते कुणालाच कळेना. जिन्यातले तंतूसुद्धा क्षणभर थबकल्यासारखे वाटले. तेवढ्यात भिंतीपलीकडे एक मूल रडलं, मग दुसरं, मग सगळी पलटणच. त्या सगळ्यांत वरचा आवाज लिंबूचा होता.

ती धावत गेली. मावशी दोन मुलं दोन काखांत घेऊन उभ्या होत्या. "अहो, काय झालं हे? एकाएकी सगळी जागी!"

तिने लिंबूला उचललं, त्या भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि मुलीला छातीशी घट्ट धरलं. आपण काय करतोय याचा तिने विचार केला नव्हता. तिच्या छातीतून तो सूर आपसूक निघाला. घूंऽऽ. तोच, तसाच, कपाटाचा. लिंबूने एकदा हुंदका दिला, आईच्या बरगड्यांवर कान दाबला आणि तिचे डोळे जड झाले. जवळचं एक मूल रांगत येऊन तिच्या मांडीला टेकलं. दुसरं आलं. थोड्या वेळाने खोलीत तिच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मावशी कुजबुजल्या, "छान झालं. पण बाई, हे रोज कोण करणार?"

"मी," ती म्हणाली. आणि म्हटल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सॉफ्टवेअर आता खोलीला बांधलेलं नव्हतं, मग ती तरी कशाला असेल? कपाटाशेजारी बसायचं कारणच उरलं नव्हतं. लॅपटॉप असला की झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब पाळणाघराच्या दारात येऊन उभे राहिले. सर्व्हरबाई जमिनीवर, भिंतीला टेकून, छातीवर लिंबू, गुडघ्यावर लॅपटॉप, तोंड मिटून गुणगुणत गोदामाचा हिशोब जुळवत होती. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वर्षभर चालू द्या. मग बघू."

ते वर्ष असं दुपारी दुपारीच गेलं. यंत्राचं बरं होतं, एकदा कळ दाबली की वर्षानुवर्षं घूं. हिला मात्र रोज नव्याने सुरू करावं लागे. सर्दी झाली तरी, नवऱ्याशी भांडून आली तरी. कधी कंटाळा यायचा. पण लिंबूचं डोकं जड होऊन छातीवर टेकलं की तिला वाटायचं, जगात याहून मोठं सुख नाही, आणि ती तसं मावशींना सांगूनही टाकायची.

वर्ष सरलं. सॉफ्टवेअरवाल्यांनी विचारलं, पुढे हवंय का? साहेबांनी हो म्हणायला सांगितलं आणि तिने पाळणाघरात बसूनच हो केलं. मग लॅपटॉप बाजूला ठेवून तिने हात पसरले. "ये ग लिंबू."

लिंबू आली, पण मांडीवर बसली नाही. आता ती चालायची, बोलायची, स्वतःची गादी स्वतः ओढून आणायची. आईने गुणगुणायला सुरुवात करताच तिने आपला छोटा तळवा आईच्या ओठांवर ठेवला.

"आई, गप्प. मी कलते."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, अंगठा तोंडात घातला आणि घूंऽऽ करू लागली. सूर तंतोतंत तोच होता. तिच्याबरोबर सगळं पाळणाघर झोपी गेलं.

सर्व्हरबाईचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी आतून काही रिकामंही झालं. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. छातीत सूर तयार होता, पण तो ठेवायला आता जागा नव्हती. बऱ्याच वेळाने ती आवाज न करता उठली आणि लॅपटॉप बगलेत घेऊन निघाली.

दारात मावशींनी विचारलं, "उद्या येणार ना, बाई?"

"तिला विचारून सांगते," ती म्हणाली.