गुंजीच्या जत्रेत गेलेला टॅब

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. काचेला तडा गेलाय, पण जीव शाबूत आहे. आज मात्र मला स्वस्थ पडवत नाही.

दुकानातून निघालो तेव्हा वाटलं होतं, मुलं माझ्यावर गोष्टी बघतील. नशिबी आली पाहणी. ऋतिकाताई मला घेऊन गावोगाव फिरते आणि विचारते, जेवणाला उशीर झाला तर बायकोला मारणं बरोबर की चूक? न विचारता माहेरी गेली तर? उत्तरावर बोट ठेवायचं. तिचे साहेब म्हणाले होते, कागदापेक्षा हा बरा, गुपित राहतं. मी चांगलाच फुगलो होतो.

आमचा एक नियम आहे. ज्या गावात बायकांना विचारायचं, तिथल्या पुरुषांना विचारायचं नाही. नाहीतर बायकोला काय विचारलं ते नवऱ्याला कळतं, आणि मार तिला बसतो. मच्छे गाव बायकांचं होतं. तिथे मालुबाई दार लोटून हळू आवाजात बरंच काही बोलली. नवऱ्याला मात्र मुलांच्या लशीची चौकशी होती, असं सांगायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुंजीत, पुरुषांकडे गेलो. गावात जत्रा होती, घरोघर पाहुणे. यल्लाप्पा म्हणाला, "आमच्या दाजींना इचारा की. पावणा म्हंजे घरचाच माणूस." बाहेरगावचा माणूस घ्यायचा नसतो, पण जत्रेच्या घरात ताईला नाही म्हणवेना.

दाजी म्हणजे भरमू, यल्लाप्पाच्या बहिणीचा नवरा. प्रत्येक प्रश्नाला तो छाती काढून "चूक हाय" म्हणाला. इतक्यात त्याची बायको पाणी घेऊन आली. ती मालुबाई होती. आम्हाला बघून ती उंबऱ्यातच थांबली.

भरमूनं ते पाहिलं. तो ताईला म्हणाला, "काल टॅबवाली बाई लशीचं इचारून गेली, असं ही सांगत हुती. ती तूच न्हवं? मग मला ह्ये का इचारालीस?"

मला तर भीतीच वाटली. आज रात्री मच्छेला गेल्यावर या बाईचं काय होणार?

मालुबाईनं तांब्या खाली ठेवला आणि भावाकडे वळली. "अण्णा, लशीचं न्हवतं. ह्येच इचारलं. ह्यो मला मारतोय, ते मी सांगितलं. आता मी मच्छेला जात न्हाय. ह्याचं मारणं तुला काय वाटतंय, चूक का बरोबर?"

"चूक हाय," यल्लाप्पा म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "पर घरात पावणं हाईत गं. आज जा, जत्रा झाल्यावर बघू."

ऋतिकाताईनं मला पिशवीत टाकलं. ती मालुबाईशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "अण्णा, आजच बघू. तवर मी हितनं हलत न्हाय."

पिशवीत मला काही दिसत नाही. बाहेर आवाज चढलेत. मित्रांनो, माझ्यातल्या उत्तरांवर गेलात तर भरमू भला माणूस ठरतो, यल्लाप्पाला विचारलं असतं तर तोही ठरला असता. मला कव्हर घाला, वेळेवर चार्ज करा, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमची बहीण दारात उभी राहिली, तर तिला जत्रा संपेपर्यंत थांबवू नका.