शेपटीचा नऊ

ललितने रुमालाची घडी उलगडली आणि आतलं जुनं घड्याळ निंबाकाकांच्या काउंटरवर ठेवलं. दुपारी सुरतेतल्या वेसू भागातल्या एका डॉक्टरीणबाई ते बत्तीस हजारांना घेणार होत्या. फक्त निंबाकाकांनी एकदा बघून 'डायल कंपनीचीच आहे' एवढं म्हणायचं बाकी होतं.

निंबाकाका हसले. सुरतेतच पांडेसऱ्यात, हाउसिंग कॉलनीच्या वळणावर त्यांची ही घड्याळदुरुस्तीची टपरी पस्तीस वर्षं होती. अमळनेरहून आले ते डाइंग मिलमध्ये कामाला, पण मन रमलं घड्याळांत. मोबाइल आले तेव्हा गिऱ्हाईक आटलं, आणि मग अचानक जुन्या घड्याळांची ही शौकीन मंडळी उगवली. आधी त्यांना सगळं चकचकीत लागायचं. निंबाकाका जुनी डायल धुऊन, रंगवून, बारीक ब्रशने आकडे काढून द्यायचे आणि लोक खूश होऊन जायचे. आता वारं फिरलं होतं. डाग पडलेली, पिवळी, पण हात न लागलेली डायल सोन्यासारखी विकली जात होती. जे घड्याळ त्यांनी पूर्वी पन्नास रुपयांना भंगारातून घेतलं असतं, त्यावर लोक महिन्याचा पगार लावत होते. खरी डायल कुठली आणि रंगवलेली कुठली, हे सुरतेत त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं, कारण अर्ध्याअधिक त्यांनीच रंगवलेल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या शब्दाला आता भाव आला होता. या गोष्टीचं त्यांना फार हसू यायचं.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. चावीचं घड्याळ, देवनागरी आकडे, सुंदर फिकटलेला पांढरा रंग. बारा, तीन, सहा. नऊपाशी ते थांबले. नऊची शेपटी जरा लांब होती आणि टोकाला किंचित वर वळली होती.

त्यांनी भिंग काढलं, काच पुसली, पुन्हा लावलं. मग ते घरच्या अहिराणीतच बोलून गेले, "हाऊ नऊ मना शे."

ललित पांडेसऱ्यातच वाढलेला. हा नऊ काकांच्याच हातचा आहे, हे त्याला लगेच कळलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने स्वतः हे अठरा हजारांना घेतलं होतं, आणि विकणारा केव्हाच मुंबईला निघून गेला होता. तो हळूच म्हणाला, "काका, तीस वर्षं झाली असतील. रंग पण जुना झालाय. तुमच्याशिवाय कोणाला कळणार?"

"मले कळनं ना," निंबाकाका म्हणाले.

ललितने घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि स्कूटर काढून निघून गेला. त्याच्यासाठी मागवलेला चहा तसाच राहिला.

घरी बायकोने, सुंदराबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कसाले सांगं त्याले?" चांगला पोरगा होता, दर रविवारी यायचा, गप्पा मारायचा. पुढचे दोन रविवार निंबाकाका स्कूटरच्या आवाजाकडे कान लावून बसले.

तिसऱ्या रविवारी ललित आला, आणि घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. स्टूल ओढून बसत तो म्हणाला, की डॉक्टरीणबाईंना खरं सांगून टाकलं. व्यवहार अर्थातच मोडला. मग त्याने विचारलं, "काका, पण हे रंगवलं कोणासाठी होतं?"

ते निंबाकाकांना लख्ख आठवत होतं. पलीकडच्या गल्लीतला गंगाराम, लूमवरचा कामगार. सासरहून मिळालेलं घड्याळ, पण डायल वाफेने आणि घामाने पार काळवंडलेली. मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं. व्याह्यांसमोर हात पुढे करायचा तर घड्याळ नवं दिसायला हवं होतं. निंबाकाकांनी चार संध्याकाळी घालवल्या. शेवटी नऊ काढताना ब्रश सटकला. पुसायला गेले तर गंगाराम म्हणाला, राहू दे, ऐटदार दिसतो. लग्नात तो दिवसभर बाह्या वर करून वावरत होता. त्यानंतर निंबाकाकांनी प्रत्येक नऊला शेपटी काढली. पण असा वळलेला नऊ तो एकच.

ललित मन लावून ऐकत होता. मग त्याने घड्याळ काढून पुढे केलं. "आत तुमचं नाव टाका काका. मी हे विकणार नाही."

गिऱ्हाइकाच्या मालावर आपलं नाव टाकायचं, असं आयुष्यात कधी निंबाकाकांच्या मनात आलं नव्हतं. ते नको नको म्हणत राहिले आणि तोवर त्यांनी झाकण उघडलंही होतं. टोकदार सुईने ते आतल्या बाजूला अक्षरं कोरू लागले. मध्ये दोनदा थांबून त्यांनी अक्षरं भिंगातून तपासली. निंबा. पांडेसरा.

झाकण बंद होतंय तोच सुंदराबाई डबा घेऊन आल्या. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनी बघायचंच म्हटलं, तेव्हा झाकण पुन्हा उघडावं लागलं. भिंग डोळ्याशी धरून त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं.

"गावनं नाव राही गयं, अमळनेर," त्या म्हणाल्या.

"लिखेल शे ना," निंबाकाका म्हणाले, आणि सुईचं टोक दुसऱ्या शब्दाखाली धरलं.