ऑटर खोऱ्यातला जहरमोहरा

दगड हाताला चिकटला आणि ज्युबल स्ट्राउडच्या अंगणातली चाळीस माणसं पुढे सरकली. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. हात माझ्या धाकट्या बहिणीचा होता, डेलियाचा. सकाळी भर उजेडात तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यात कोल्हा शिरला होता. तोंडाला फेस, चालताना झोकांड्या. तिनं काठी उगारली तर पळायचं सोडून तो अंगावर आला आणि कोपराखाली कडकडून चावला. तिच्या नवऱ्यानं, नॉर्व्हलनं, कोल्ह्याला गोळी घातली, तिला गाडीत बसवलं आणि घोडे थेट ज्युबलकाकांच्या दारात आणले.

आमच्या खोऱ्यात जायला दुसरं दार नव्हतंच. गाड्यांचे तांडे पश्चिमेकडे आले त्या पहिल्या वर्षी ज्युबलकाकांच्या वडिलांनी हा जहरमोहरा, म्हणजे विष ओढून घेणारा दगड, आणला. तेव्हा ऑटर नदीच्या दोन्ही काठांना मिळून सात खोपटी होती. डॉक्टर नव्हता, पूल नव्हता. पुढे नदीनं वस्ती दोनदा धुऊन नेली, टोळांनी मका फस्त केला, दगड तेवढा राहिला. अंड्याएवढा, करडा, हातात घेतला तर नवल वाटावं इतका हलका.

"पांढऱ्या हरणाच्या पोटातला आहे हा," ज्युबलकाका सांगत होते. "विकायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही. विष असेल तरच धरतो, विष संपलं की सुटतो. बिनविषारी हाताला शिवणारसुद्धा नाही. मोठा मानी आहे!"

मोबदला ते घेत नसत. फक्त त्यांच्याकडे धूर द्यायला टांगलेली डुकराची मांडी कधी त्यांच्या स्वतःच्या डुकराची नसे, एवढंच.

तीन तासांनी दगड सुटला. ज्युबलकाकांनी तांब्याच्या भांड्यात कालचं दूध चुलीवर ठेवलं (ताजं दूध म्हणे दगडाला चालत नाही) आणि त्यात तो सोडला. बुडबुडे आले. थोड्या वेळानं दुधावर हिरवट झाक चढली. "बघा, निघालं विष," ते म्हणाले. नॉर्व्हल तिथेच गुडघ्यांवर बसून रडला.

मी खोऱ्यातल्या शाळेचा मास्तर. मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाच्या गावातून डॉक्टर किट्रिज आले. त्यांनी जखम साबणानं धुतली, डागली, आणि सांगितलं की कोल्हा पिसाळलेलाच होता. शिकागोत आता यावर लस टोचतात, रोज एक, तीन आठवडे. आजच स्टेशन गाठा. नॉर्व्हलला ते पटेना. धडधाकट बाईला एवढ्या लांब नेऊन सुया टोचायच्या कशाला? मी तीन दिवस त्यांच्या घरी जाऊन डोकेफोड करत होतो. तिसऱ्या दिवशी डेलियानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"एनॉस, दूध हिरवं झालेलं तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग ते विष नव्हतं तर काय होतं?"

मी टोपी हातात फिरवत राहिलो. ती हसली, म्हणाली, "शाळेत पोरांना असंच गप्प करतोस ना?" आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

जखम भरली. सहाव्या आठवड्यात त्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग तिला पाणी गिळवेना. नंतर पाण्याचा नुसता आवाज सोसवेना, आणि घर तर नदीच्या काठावर. आम्ही खिडक्यांना गोधड्या लावल्या. नॉर्व्हल पुन्हा धावला आणि नियम मोडायला लावून ज्युबलकाकांना दगडासकट घरी घेऊन आला, पण या वेळी चिकटायला उघडी जखमच नव्हती. डॉक्टरांनी माझ्यासमोर हात टेकले. चौथ्या दिवशी ती गेली.

तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. दफनानंतर पंधरा दिवसांनी, रविवारी प्रार्थना सुटल्यावर, मी आणि डॉक्टर त्याच अंगणात गेलो. माणसं मागोमाग आलीच. ज्युबलकाकांनी दगड द्यायला नकार दिला नाही. डेलिया गेल्यापासून ते कुणाशी फारसं बोलत नव्हते.

डॉक्टरांनी वस्तऱ्यानं स्वतःच्या हातावर ओरखडा काढला. कसला चावा नाही, कसलं विष नाही. दगड टेकवला. चिकटला, आणि दोन तास सुटला नाही. डॉक्टर म्हणाले, मातीची नवी चिलीम ओठाला चिकटते ना, तसंच हे. दगड कोरडा आणि आतून भोकाभोकांचा. ओल शोषतो तोवर धरतो, भिजला की गळतो. मग तो टिनच्या बादलीत ताज्या दुधात सोडला. भोकांतली हवा बुडबुडे होऊन वर आली. दूध पांढरंच. शेवटी मी तांब्याचं भांडं घेतलं, त्यात नुसतं आंबट दूध तापवलं, दगड न घालता. कल्हई नसलेल्या तांब्यात ते कळकलं, हिरवं झालं.

"काका, हे ठाऊक होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"वडिलांनी सांगितलं होतं हेच भांडं घे," ते म्हणाले. "का, ते मी विचारलं नाही."

कुणीतरी म्हणालं, मग आजवर एवढे लोक बरे कसे झाले? डॉक्टर म्हणाले, चावणारं प्रत्येक जनावर पिसाळलेलं नसतं. जे मेले ते दैवानं मेले म्हणायचे आणि जे जगले ते दगडानं, असा हिशेब असेल तर दगड कधीच हरायचा नाही.

नॉर्व्हल कुंपणापाशी उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"म्हणजे मी तिला मारलं असं म्हणताय, मास्तर?"

मी नाही म्हणालो. मान हलवली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो काढून टाकला आणि घोडा सोडवून, त्यावर बसून निघून गेला. आजही तो सांगतो की दगड खरा होता, आपल्यालाच पोचायला उशीर झाला. मी वाद घालत नाही. त्याला दुसऱ्या कशाच्या आधारानं जगायला सांगू?

त्यानंतरच्या वसंतात खालच्या वळणावरच्या एका बाईला कुत्रं चावलं. माणसं तिला घेऊन ज्युबलकाकांकडेच गेली. त्यांनी दार उघडलं नाही, तर लोकांनी त्यांना शिव्या दिल्या.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. घरात कुणाला पिसाळलेलं जनावर चावलं तर जखम साबणानं खूप वेळ धुवा आणि त्याच दिवशी आगगाडी गाठा. कुणी डोळ्यांदेखत चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, की विष नसताना काय होतं ते दाखव. दुसरं भांडं घेऊन दाखव. विचारायला धाडस लागत नाही, फक्त वेळेवर विचारावं लागतं. मी विचारलं नाही.