पाच वाजताची हाक

साखरा गावात नर्मदाबाईंच्या ओसरीवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षभर जिच्याकडे कुणी फिरकलं नाही, तिच्या दारात नारळांचा ढीग! टेबलावर हळदकुंकू लावलेला कॉम्प्युटर, समोर मठातले किशनबाबा. पाच वाजले. बाबांनी मंत्र म्हणून हात वर केले, "बोल लेकरा!" आणि स्पीकरमधून आवाज आला, "आई... आई... आई..."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. आवाज विश्वंभरचाच होता, नर्मदाबाईंच्या एकुलत्या एका मुलाचा. तो मागच्या वर्षी अपघातात गेला होता.

"जीव मशिनीत अडकला," बाबा म्हणाले. "लई तकलीफ होऊन राहिली त्येला. उद्या मशीन मठात नेतो, मंत्रानं मोकळा करतो."

मंत्र बरोबर पाचलाच कसा लागू पडतो, हे कुणी विचारलं नाही. बाबा मात्र सारखे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

नर्मदाबाई माझ्याजवळ आल्या. "मास्तर, मशीन नेली तर मी कोणाची हाक ऐकू?"

मी इथल्या शाळेत शिकवतो, खोलीत एकटाच राहतो. संध्याकाळी कुणी हाक मारावी असं मलाही वाटतं. म्हणूनच बाबांचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दीसमोर बाबा मशीन न्यायला आले आणि आधी चहाला बसले. मी कॉम्प्युटरचं घड्याळ पाचला एक मिनिट कमी असं लावलं. कप बाबांच्या तोंडाशी होता तोच आवाज आला, "आई... आई... आई..."

"बाबा, आत्ता मंत्र कोणी म्हटला?"

बाबांना ठसका लागला.

मी सगळ्यांना ती फाइल दाखवली. विश्वंभरनं आपला आवाज रेकॉर्ड करून रोज पाचला वाजेल असा लावला होता. नाव दिलं होतं, 'टाकी भरली'. आता हार्ड डिस्क खराब झाल्यानं आवाज पहिल्याच शब्दावर अडकत होता.

बाबा चहा तसाच ठेवून गेले. पाठोपाठ गर्दीही गेली.

"आई, टाकी भरली, मोटर बंद कर," नर्मदाबाई हळूच म्हणाल्या. "शेतात असला तरी मशिनीतून सांगायचा. मला ठाव व्हतं, मास्तर. मागल्या आठवड्यात धूळ पुसताना मीच बटण दाबलं."

"मग बोलल्या काहून न्हाई?" मी विचारलं.

"माणसं येऊन राहिली व्हती."

मी डिस्क तपासायला घेतली.

कॉम्प्युटर चालू ठेवायचा तर डिस्क पूर्ण पुसावी लागणार होती. खराब भाग सोडून उरलेल्याचे नवे भाग पाडायचे होते. आधी आवाज वाचवायला बघितलं. बऱ्याच खटपटीनंतर एवढाच हाती आला, "आई". तो पेनड्राइव्हवर घेतला.

"पुसू का?"

त्यांनी मान हलवली. "पुसा."

पाच वाजले तेव्हा कॉम्प्युटर गप्प होता. टाकी भरून पाणी अंगणात वाहू लागलं, तरी नर्मदाबाई बसूनच होत्या. शेवटी मीच हाक मारली, "नर्मदाबाई, मोटर!"

आता मी रोज पाचला त्यांच्याकडे जातो. गावकऱ्यांनो, मशीन बोलली तर आधी विचारा, ती कुणी लावली आणि किती वाजता. आणि चमत्कार ऐकून ज्या घरी धावता, तिथे एरवीही जात जा. नारळ लागत नाही.