कुणाला जायचंय?

वन्संनी बाटलीचं झाकण काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सगळं पाणी हॉटेलच्या दाराशी ठेवलेल्या कुंडीत ओतलं. मग रिकामी बाटली पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, सगळ्यांना दिसेल अशी खोचली. धाकट्या भावजयीनं बसच्या खिडकीतून हे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या मुलखात पोट बिघडायला नको म्हणून ते पाणी तिनं सकाळी उठून खोलीतल्या किटलीत उकळलं होतं, गार केलं होतं आणि वन्संच्या हातात दिलं होतं. वन्सं म्हणाल्याही होत्या, "पिते गं."

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या, कुणाचं एक अक्षर ऐकून न घेणाऱ्या. उन्हाळ्यात त्यांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता आणि त्यांनी तो अंगावर काढला होता. तो मूत्रपिंडापर्यंत चढला तेव्हा थंडी वाजून ताप आला आणि आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं. प्रवासाला निघण्याआधी डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून बजावलं होतं, "खुशाल फिरा. पण पाणी भरपूर प्यायचं आणि धरून ठेवायचं नाही. हे पुन्हा झालं तर या वेळी थोडक्यात निभावणार नाही."

वन्सं येऊन शेजारी बसल्या. बस सुटली.

"संपलं पाणी?" धाकटीनं विचारलं.

"केव्हाच."

"झाडाला तहान लागली होती वाटतं."

वन्संनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तो विषय संपला, असा त्याचा अर्थ होता. शाळेत म्हणे एवढ्यावर अख्खा वर्ग गार पडायचा.

खरं म्हणजे दोष एकट्या वन्संचा नव्हताच. या सहलीची पद्धतच तशी होती. दर थोड्या वेळानं टूरवाला पुढून उठायचा, माइक तोंडाशी धरायचा आणि हसत हसत विचारायचा, "कुणाला जायचंय? हात वर करा. पाच हात झाले तर थांबू, नाहीतर सरळ पुढे!" पहिल्या दिवशी चार हात वर आले, चारही पुरुषांचे. पाचवा हात कुणाचा येतोय म्हणून सगळी बस माना वळवून बघत होती, आणि सगळ्या बायका खिडकीतून डोंगर बघत होत्या. बस थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून बायकांनी सकाळचा चहा सोडला, मग पाणी सोडलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सगळ्यांना न सांगताच कळलं. घरी नातवंडं असलेल्या या बाया, साता समुद्रापलीकडे हौसेनं आलेल्या, आणि देहधर्माला मतदान! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि त्यासाठी आपण होऊन नाव नोंदवलं होतं.

घाट उतरल्यावर धाकटीनं सहज वन्संच्या मनगटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"वन्सं, ताप आहे तुम्हाला."

"ऊन लागतंय काचेतून."

"ऊन माझ्या बाजूला आहे. जळजळ होतेय का?"

"हळू बोल."

"पाठ दुखतेय?"

वन्संचा एक हात कमरेमागे गेला होता आणि तिथेच राहिला होता. ओठांवर पापुद्रे आले होते.

"मी बस थांबवते."

"काही नको. जेवायला थांबणारच आहेत. शाळेत तीस वर्षं मी मधल्या सुटीतसुद्धा गेले नाही. होतं काय तिथे? कडी नसलेलं एक दार. सवय आहे मला."

"त्या सवयीनंच दवाखाना दाखवला ना?"

तेवढ्यात टूरवाला उठलाच. माइक खरखरला.

"मंडळी, आज राजवाडा लवकर बंद होतो, म्हणून जेवण उशिरा करणार आहोत. वाटेत एक पेट्रोल पंप आहे. बोला, कुणाला जायचंय? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. पुढच्या सीटवरचे घड्याळवाले काका, ज्यांना प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या आधी पोचायचं असायचं, खुशीत म्हणाले, "शाब्बास! याला म्हणतात शिस्त."

शिस्त! धाकटी उठून उभी राहिली.

"थांबवा बस. आमच्या वन्संना बरं नाही. त्यांना जायचंय."

सगळ्या बसनं वळून पाहिलं. टूरवाला अदबीनं पुढे आला. "काय होतंय काकू?"

"मला?" वन्सं ताठ बसल्या. आवाज खणखणीत, प्रार्थनेच्या वेळी मैदानात घुमत असेल तसा. "मला काही झालेलं नाही. मी कुठे काय म्हटलं?"

मागून कुणीतरी हसलं. धाकटीच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. तापानं फणफणलेली ही बाई, जिच्यासाठी आपण सगळ्यांसमोर तोंड उघडलं, तिनंच आपल्याला तोंडघशी पाडावं?

"अगं, बस ना खाली," मागच्या सीटवरून नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "ताई नाही म्हणतेय ना? कशाला शोभा?"

"मग मला जायचंय," ती म्हणाली. "मला. आत्ता. माझा एक हात पाच हातांच्या बरोबरीचा धरा, नाहीतर इथेच बसते, आणि बस तुम्ही पुसा."

घड्याळवाले काका घड्याळात बघायचंसुद्धा विसरले.

पंपावर बस थांबली. "फक्त काकू उतरतील, दोन मिनिटं," टूरवाल्यानं माइकवर जाहीर केलं. ती एकटीच उतरली, दुकानाच्या मागे गेली आणि बायकांचं दार ढकललं. आत तीन स्वच्छ कोरडे संडास, धड कड्या असलेले, एका रांगेत रिकामे होते. ते बघून तिला रडूच आलं. तिला स्वतःला जायचं नव्हतं. तिनं तोंडावर पाणी मारलं. आरशात लालबुंद चेहरा दिसला. आता परत जायचं, सगळ्यांच्या नजरा झेलत त्या मानी बाईशेजारी बसायचं, आणि संध्याकाळपर्यंत तिचा ताप चढताना बघायचा? जाणार नाही, तिनं ठरवलं. जाणारच नाही.

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली.

"अगं, येतेस ना?" नवऱ्याचा आवाज. "सगळे खोळंबलेत."

ती दाराकडे बघत राहिली. तो दारापलीकडे उभा होता आणि आत पाऊल टाकणार नव्हता. टूरवालाही टाकणार नव्हता. काका तर नाहीच नाही.

"मला चक्कर येतेय," ती म्हणाली.

"काय? थांब, मी येतो."

"बायकांचं आहे हे! वन्संना पाठवा."

त्याची पावलं धावत गेली. पुन्हा आली ती मंद पावलं होती, एकेक जपून टाकलेली. दार उघडून वन्सं आत आल्या. कडेला दोन्ही पायांवर भक्कम उभी असलेली भावजय त्यांनी पाहिली, तिच्या मागची रिकामी रांग पाहिली. शेवटच्या संडासात गेल्या आणि कडी लावली.

बराच वेळ गेला. आतून एकदा दातावर दात दाबून सोडलेला श्वास ऐकू आला.

"जळजळतंय गं," वन्सं आतून म्हणाल्या. हा आवाज धाकटीनं याआधी कधी ऐकला नव्हता.

"संध्याकाळी डॉक्टरला दाखवायचं. विमा काय फोटो काढायला घेतलाय?"

"बरं."

"बरं म्हणजे काय? नुसतं बरं नको. राजवाडा तुमचा गेला आज. मुक्कामी पोचलो की सामान खोलीत टाकायचं आणि पहिलं डॉक्टरकडे."

"हो म्हटलं ना."

दार पुन्हा उघडलं. घड्याळवाल्या काकांची बायको डोकावली. "कशी आहे आता? म्हटलं बघून यावं," असं म्हणत ती उत्तराला न थांबता पहिल्या संडासात शिरली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या, मग चौघी. सगळ्या चौकशीला आलेल्या. एकीनं "लिंबू हवंय का?" विचारलं आणि रांगेत उभी राहिली. धाकटी भिंतीला टेकून, आजाऱ्याला शोभेल एवढा पडेल चेहरा करून, प्रत्येकीला "आता जरा बरं आहे" सांगत राहिली. कुणी तिच्या नजरेला नजर दिली नाही. राग अजून उतरला नव्हता. उलट रांग जसजशी वाढली तसतसा तो वाढला.

वन्सं बाहेर आल्या, हात धुतले, पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दिसेल ते खाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. बघ, तुझ्यापायी सगळी बस खोळंबली."

धाकटीनं ओठांवर आलेलं उत्तर गिळलं.

बसकडे जाताना वन्संनी तिला दंडाला धरलं, म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटावं. भार सगळा त्यांचाच तिच्यावर होता. पायरीशी आल्यावर त्या वाकल्या आणि तिच्या कानाशी पुटपुटल्या, "मुक्कामापर्यंत पुन्हा येईल का गं तुला चक्कर?"

बस भरली. टूरवाल्यानं माइक उचलला. "काय काकू, वाटतंय ना आता बरं? निघायचं ना सरळ?"

सगळ्या माना पुन्हा वळल्या. या वेळी बायकांच्याही.

"नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "दर दोन तासांनी येणार आहे मला चक्कर. घरी पोचेपर्यंत. लिहून ठेवा."