छताचे फोटो

बाबांच्या फोनमधले शेवटचे फोटो दुकानाच्या छताचे आहेत. एकात पंख्याचं अर्धं पातं आलंय, एकात कोपऱ्यातली ओल, एकात नुसता लालसर अंधार. तिथे बहुतेक लेन्सवर बोट आलं असावं. हे फोटो बाबांनी का काढले ते मला ठाऊक होतं. दादाला नव्हतं. आणि आपल्या शहरात परत जाण्याआधी तो हाच फोन पुसून, कोरा करून आईच्या हातात ठेवणार होता.

"सगळं उडवून टाकतो आतलं," तो म्हणाला. "एकदम नव्यासारखा होईल. आईला व्हिडिओ कॉल करता येईल. ती कुठे आहे ते मला तिकडे बसून दिसेल. पडली-बिडली तर लगेच कळेल."

"कसं कळेल?"

"ॲप असतं त्याला."

"बाबा पडले तेव्हा कळलं?"

आई पलंगावर बसून बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही, पण एकच बाही दोनदा दुमडली.

"प्रत्येक गोष्टीत फोनला कशाला ओढतेस?" दादा आवाज खाली आणत म्हणाला. "हार्ट होतं त्यांचं. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं म्हणजे किती, असं मी विचारलं, तर ते स्वतःच्या फोनकडे बघत "सांगता येत नाही" म्हणाले आणि कुणाच्या तरी मेसेजला अंगठा दाखवला.

बाबा पुस्तकं बांधायचे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, छपाईच्या प्रेसला लागून त्यांचं एका खोलीचं दुकान. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते तिथली निम्मी पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत. आई घरी फर्मे, म्हणजे छापील पानांचे दुमडलेले गठ्ठे, शिवायची, बाबा पुठ्ठा चढवायचे. जन्मभर कागद आणि खळ हाताळून दोघांच्याही बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, कोरडी, पिठूळ. बँकेतल्या यंत्रावर बाबांचा अंगठा कधी उमटायचा नाही. ते म्हणायचे, "मी चोरी केली तर सापडणार नाही बघ कुणाला." पानं मोजायला त्यांच्या मेजावर एका वाटीत ओला स्पंज असे. बोट त्याला टेकवायचं आणि पान उलटायचं. हाताला इतकं वळण पडलेलं, की घरी वर्तमानपत्र वाचतानाही त्यांचं बोट वाटी शोधत हवेत जायचं.

त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. बटणांच्या फटीत कागदाचा भुसा बसायचा, तो ते जुन्या टूथब्रशनं काढायचे. दोनचा आकडा दाबून धरला की मला फोन लागायचा. ते बघायचेही नाहीत. फोन शर्टाच्या खिशात, अंगठा दोनवर, की माझा फोन वाजलाच. बहुतेकदा काम काहीच नसे. "काय चाललंय? नवं काही आलं का वाचायला?" एवढंच.

तो फोन दादानं दुकानदाराला देऊन टाकला. नव्यावर सूट मिळत होती म्हणून.

मला त्याच्या प्रेमाबद्दल शंका नाही. त्यानं बाबांना आपल्या हातानं तो फोन दिला, वर मुलांचा फोटो लावून दिला, घरभर फिरून सगळ्यांचा व्हिडिओ काढला. बाबा खूश होते. मग पहिल्यांदा फोन वाजला आणि बाबांनी हिरव्या गोलावर बोट ठेवून ते सरकवलं. काही झालं नाही. पुन्हा सरकवलं, पुन्हा नाही. मग ते सहजपणे उठले, स्वयंपाकघरातल्या पाण्यात बोट बुडवून आले आणि ओल्या बोटानं स्क्रीन पुसू लागले.

"बाबा, फोन आहे तो! पाकिटावर चिकटवायचं तिकीट नव्हे!" दादा म्हणाला आणि सगळे पोट धरधरून हसले. बाबाही. "हा मला ओळखतच नाही रे," ते म्हणाले. "म्हणतो, आपण कोण?"

नंतर कुणी हसलं नाही, कारण नंतर बघायला कुणी नव्हतं. रविवारी मी आईबाबांकडे जायचे आणि फोन सरळ करून यायचे. नातेवाइकांच्या सुप्रभाती फुलांनी त्याचं पोट भरलेलं असायचं. जागा नाही, जागा नाही म्हणून तो ओरडत असायचा. कुठलीशी जाहिरात "तुमचा फोन धोक्यात आहे" असं सांगायची आणि बाबा सभ्यपणे "ठीक आहे" दाबायचे, की आणखी चार जाहिराती यायच्या. मग एके दिवशी फोननं आपणहून स्वतःला नवं करून घेतलं. माझा फोटो मी पहिल्याच पानावर ठेवला होता, बोट लावलं की मला फोन लागेल असा. तो नाहीसा झाला. चित्रं इकडची तिकडे गेली, रंग बदलले. बाबा पाहुण्यांच्या घरात आल्यासारखे त्या स्क्रीनकडे बघत बसले. "माझं हिरवं कुठे ठेवलं यांनी?" त्यांनी विचारलं. यांनी म्हणजे कुणी, हे मलाही सांगता आलं नाही. कुठल्या तरी थंडगार काचेच्या इमारतीत बसलेल्या कुणाला तरी वाटलं, की हिरवं जरा बाजूला बरं दिसेल. बस. त्याला माझ्या बाबांना विचारायची गरज वाटली नाही.

मी दादाला फोन करून सांगितलं, की त्यांना परत बटणांचा घेऊन देते. तो चिडला. "तू त्यांना म्हातारं करून टाकतेयस. शिकतील की! तुमच्या ग्रंथालयातसुद्धा कॉम्प्युटर आलाच ना, ग्रंथपालबाई?" बाबांनीही मला गप्प केलं. "राहू दे. त्यानं हौसेनं आणलाय. त्याला वाईट वाटेल." दादाला वाईट वाटू नये म्हणून ते वर्षभर त्या काचेवर बोटं घासत राहिले.

त्या दिवशी दुपारी ते दुकानात एकटे होते. शेजारच्या प्रेसवाल्या काकांना ते जमिनीवर सापडले. "हातात फोन होता गं पोरी," काका मला म्हणाले. "कुणाला तरी लावत असणार." मी कॉलची यादी उघडून बघितली. त्या दुपारी कुणालाही फोन लागलेला नव्हता. माझा फोन मात्र तेव्हा माझ्या मेजावर होता. चार्ज केलेला, आवाज मोठा ठेवलेला.

छताचे फोटो मला नंतर दिसले, भिंतीवर लावायला बाबांचा एखादा चांगला फोटो शोधत होते तेव्हा. आधी कळेना. मग स्क्रीन बंद केली आणि फोन बाबा धरायचे तसा धरून बघितला. स्क्रीनच्या कोपऱ्यातून बोट जरा तिरकं गेलं, की कुलूप न उघडताच कॅमेरा सुरू होतो. आणि त्या अख्ख्या गुळगुळीत फोनला दाबता येण्यासारखी बटणं आहेत ती फक्त कडेला. कॅमेरा सुरू असताना ती दाबली की फोटो निघतो. दाबून धरली तर एकामागून एक निघतच राहतात, पापणी लवायच्या आत, तेच छत, तीच ओल.

दाबून धरली होती. कितीतरी वेळा. मी त्यांना फोटो म्हणत नाही. ते मला आलेले फोन आहेत. प्रत्येकाखाली वेळ उमटलेली आहे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर मी एकदा मोजलं आणि पुन्हा मोजणार नाही.

हे मी कुणाला बोलले नव्हते. दादा येऊन राहिला होता, भेटायला येणाऱ्यांना चहा देत होता, बायकोला फोनवर हळू आवाजात "आई ठीक आहे" म्हणत होता. प्रत्येक वेळी त्याला बघून माझ्या तोंडापर्यंत यायचं आणि मी दात दाबून धरायचे.

"चल आई, आपण सराव करू," दादा म्हणाला. "रिसेट नंतर करतो. मी स्वयंपाकघरातून फोन लावतो, तू उचलायचास. सोपं आहे. हिरवं उजवीकडे सरकवायचं."

आईचा स्वतःचा फोन कधीच नव्हता. बाबांचा होता तोच घराचा. तिनं शर्ट बाजूला ठेवला, फोन मांडीवर घेतला आणि परीक्षेला बसल्यासारखी ताठ झाली. फोन वाजला. दादानं कधीतरी लावून दिलेली नाचाची धून त्या खोलीत वाजू लागली.

आईनं बोट सरकवलं. धून वाजत राहिली.

"उचल ना!" आतून दादा.

"उचलतेय रे!"

"हलकं! भांडं घासल्यासारखं नको!"

"भांडं असतं तर एव्हाना लखलखीत झालं असतं!"

माझे हात पुढे जात होते, ते मी मांडीखाली दाबून बसले. धून थांबली. पुन्हा वाजू लागली. आईनं साडीच्या पदराला बोट पुसलं, सरकवलं. मग जिभेला लावलं आणि सरकवलं. मला तिच्याकडे बघवेना. हिरवा गोल जरासा हलायचा आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसायचा, जणू तिची गंमत करतोय.

दादा फोन कानाला लावूनच दारात आला. तेवढ्यात आईनं वैतागून फोन उचलला, तळहातात घट्ट धरला आणि अंगठ्यानं कडेचं बटण दाबलं. धून बंद झाली. आईचा चेहरा उजळला. तिनं फोन कानाला लावला.

"हॅलो? हां, बोल. ऐकू येतंय का रे? हॅलो?"

कडेच्या बटणानं फक्त आवाज बंद होतो. दादाच्या कानात अजून रिंग वाजत होती. शांत खोलीत ती मलाही ऐकू येत होती. आई त्याच्यापासून चार हातांवर बसून, कुणीही नसलेल्या फोनमध्ये "हॅलो, हॅलो" करत होती.

दादानं हळूच फोन खाली घेतला. "बाबांचंही असंच व्हायचं का?" त्यानं मला विचारलं.

मी आईच्या हातातून फोन घेतला, फोटो उघडले आणि त्याच्यासमोर धरले. "बघ."

तो एकेक पुढे करत गेला. पातं, ओल, अंधार, ओल, ओल. "काय आहे हे? चुकून निघालेत?"

"त्याच दुपारचे आहेत. वेळ बघ. कडेचं बटण दाबून धरलंय. जुन्या फोनवर काय दाबून धरायचे?"

त्याला लगेच कळलं नाही. मला तो क्षण लांबवायचा होता, खोटं कशाला बोलू. मग त्याचा अंगठा मध्येच थांबला. तोंडातून नुसता श्वास आला. मला वाटलं होतं, हे त्याला एकदा दाखवलं की माझा जाळ शांत होईल. नाही झाला. होता तेवढाच राहिला, फक्त आता तो दोघांच्या अंगात होता.

"काय बघताय दोघं? मला दाखवा," आई म्हणाली आणि तिनं फोन हात लांब करून डोळ्यांसमोर धरला. "अगं बाई, दुकानातली ओल! यांनी काढले वाटतं. घरमालकाला दाखवायची म्हणत होते कधीचे. शिकले म्हणायचे शेवटी फोटो काढायला."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

"किती काढलेत! एक पुरला असता की. तो घरमालक तसाच, एकानं नाही पटायचं." तिनं फोन दादाच्या हातात दिला. "आणि ते तुझं पुसणं-बिसणं काही नको हां. यांचं काम अर्धं राहिलंय."

"नाही पुसत आई," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला तो आईला कळला, कारण कळला नाही. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दादानं परतीची गाडी जाऊ दिली आणि सगळा बाजार पालथा घालून बटणांचा एक फोन आणला. "शेवटच्या दुकानात, काचेच्या कपाटाच्या तळाशी होता," तो म्हणाला. "दुकानदार विचारतो, कुणासाठी, म्हाताऱ्या माणसासाठी का? म्हणतो, घ्या, पण किती दिवस चालेल सांगता येत नाही, जुनं नेटवर्क काढतायत. मी भांडून आलो. भर दुकानात." यापूर्वी दुकानात भांडलेला दादा मी पाहिला नव्हता. त्यानं बाबांचं सिम त्यात बसवलं, मान खाली घालून बटणं दाबत बसला. "दोनवर तू," तो म्हणाला. "तीनवर मी."

"दोन दाबून धर, आई," मी म्हटलं. "बघावंही लागत नाही."

आईनं फोन पदराआड घेतला. नजर खिडकीबाहेर. अंगठ्यानं चाचपलं आणि दाबून धरलं. माझ्या हातातला फोन वाजला. स्क्रीनवर 'बाबा' अशी अक्षरं आली.

एवढंच लागत होतं. एक बटण.

"लागला का गं?" आईनं विचारलं.

मी फोन उचलून कानाला लावला. "लागला," म्हटलं.